सर्वांना कबूल

मुंबईहून आले तेव्हा आमच्या बाररूममध्ये सगळ्यांनी एकच विचारलं, राणीची बाग बघितलीस का, चौपाटीवर भेळ खाल्लीस का. नाही बघितली आणि नाही खाल्ली. सहा दिवस मी विलेपार्ल्याला, भांडुपला, एक दुपार घाटकोपरला आणि दोन सकाळी उपनगरातल्या एका कोर्टात होते, आणि परत आले ती डोकं तापवूनच. मुंबईत काय बघावं हे ज्यांना हवंय त्यांनी दुसऱ्या कोणाला विचारावं. मी काय बघितलं ते सांगते.

कणकवलीत मी अकरा वर्षं वकिली करते. फौजदारी करणारी बाई आमच्या कोर्टात मी एकटीच. आरोपींची बाजू मांडणाऱ्या वकिलांसाठी पार्ल्याला सहा दिवसांचा अभ्यासवर्ग आहे, असं एक पत्रक फळ्यावर लागलं आणि मी लगेच नाव घातलं. आमचे ज्येष्ठ वकील हसले. म्हणाले, "शालन, आरोपीला सोडवायला वर्ग कसला करतेस? आरोपीच शिकवतात आपल्याला." मी म्हटलं, तुम्हाला शिकवलं असेल, मला अजून पुष्कळ शिकायचंय. एसटीची रात्र, घाट, पुढच्या बाकावरची ओकारी हे सगळं गाळते. मुंबईच्या गाड्यांच्या गर्दीवरही लोकांनी भरपूर लिहून ठेवलंय, माझी त्यात भर नको.

पार्ले, सोमवार

वर्ग होता एका शाळेच्या सभागृहात. बसायला सातवीच्या पोरांची बाकं. साठेक वकील, बोरिवलीचे, मुलुंडचे, ठाण्याचे, गुडघे हनुवटीशी घेऊन बसलेले. खिडकीतून बिस्किटं भाजल्याचा गोड वास येत होता, त्यामुळे सकाळी दहालाच सगळ्यांना भूक लागली. आणि दर पाच-सात मिनिटांनी सांताक्रूझच्या विमानतळावरचं एक विमान असं डोक्यावरून जायचं की बोलणाऱ्याला थांबावं लागायचं. इथल्या लोकांना त्याचं काहीच नाही. वाक्य अर्ध्यात सोडायचं, विमान गेलं की तिथूनच उचलायचं. आमच्याकडे साधं हेलिकॉप्टर आलं तर कोर्ट उठून अंगणात जमेल.

पहिले एक निवृत्त न्यायाधीश दीड तास स्वतःविषयी बोलले. मग आले सबनीस वकील. करड्या रंगाचा सफारी, सोनेरी काडीचा चष्मा, आवाज असा की शेवटच्या बाकावरच्या पेंगणाऱ्यानंही मान वर करावी. विषय होता गुन्ह्याची कबुली. आणि खोटं कशाला बोलू, माणसानं फार सुंदर शिकवलं. म्हणाले, "कबुली आरोपीची असते, वकिलाची नव्हे. दहा आरोपी असले तर दहा जणांना वेगवेगळं विचारायला हवं. कबूल केल्यावर आयुष्यात काय काय बिघडेल ते त्याला त्याच्या भाषेत सांगायला हवं. हे न करता जो वकील आरोपीच्या वतीनं 'कबूल' म्हणतो, त्यानं कोट उतरवून दुसरा धंदा करावा." टाळ्या पडल्या. मीही वाजवल्या. चार पानं टिपून घेतली.

जेवायला पुरी, बटाट्याची भाजी, श्रीखंड आणि आमटी. आमटीतसुद्धा गूळ! पार्ल्याच्या माणसांना तिखटाचं काय वावडं आहे कोण जाणे. माझ्या शेजारच्या मुलुंडच्या जाड्या वकिलानं खिशातून हिरव्या मिरच्यांची पुडी काढून अर्धी मला दिली, तेव्हा मला तो एकदम जवळचा वाटला.

भांडुप, सोमवारी संध्याकाळी

उतरले होते मावसबहिणीकडे, सुलभाकडे. भांडुपच्या डोंगरावर यांची वस्ती. स्टेशनवरून रिक्षा येते ती पायथ्याच्या पिठाच्या गिरणीपर्यंत. पुढे एकशे बारा पायऱ्या, काही दगडाच्या, काही कोणी सिमेंटच्या ओतलेल्या, काही नुसत्या मातीच्या. डोक्यावर हंडा घेऊन बायका त्या अशा चढतात की मला रिकाम्या हातानं लाज वाटली. वरून मात्र खाडीपर्यंतचं सगळं दिसतं, कारखान्यांची धुराडी, मिठागरं, आणि मागे हिरवागार डोंगर. अर्धी वस्ती आमच्याच बाजूची. देवगड, मालवण, कणकवली. दारात सुकत घातलेले बोंबील बघून घरीच आल्यासारखं वाटलं.

सुलभाचे यजमान कापडाच्या गिरणीत साचे चालवायचे. संपात गिरणी गेली ती गेलीच. आता मुलुंडला औषधांच्या कारखान्यात खोकी बांधतात. ते कामावर होते. सुलभानं बांगड्याचं तिखलं केलं होतं, दिवसभराच्या गुळावर उतारा म्हणून. जेवण होतंय तोवर शेजारचा सदाशिव दारात येऊन उभा राहिला. हातात कागदाची सुरळी.

"ये रे आत," सुलभा म्हणाली. "हीच ती. बोल ना आता. सकाळपासून डोकं खातोयस माझं."

सदाशिवही गिरणीतलाच. गेली चार वर्षं कधी हमाली, कधी रंगाऱ्याच्या हाताखाली, कधी घरीच. आता महापालिकेच्या शाळेत शिपायाची नोकरी लागत होती. वयाची मर्यादा संपायला तीन महिने उरलेले, म्हणजे ही गेली की पुन्हा सरकारी नोकरी नाही. त्या कागदाच्या सुरळीत त्याच नोकरीचा फॉर्म होता. सगळा भरलेला, सुंदर अक्षरात. एकच रकाना कोरा. 'आपणांस कोणत्याही गुन्ह्यात शिक्षा झाली आहे काय?' महिनाअखेर फॉर्म द्यायचा होता.

"झाली आहे का?" मी विचारलं.

"नाय अजून. गुरवारी होतली," तो म्हणाला.

झालं होतं ते असं. रविवारी दुपारी वरच्या देवळाजवळच्या पारावर दहा जण मेंढीकोट खेळत बसले होते. पैसे न लावता. हा पाणी भरून येता येता उभा राहून बघत होता. हवालदार आले, अकराही जणांना खाली नेलं, सगळ्यांच्या खिशातले पैसे एका वर्तमानपत्रावर ओतले आणि लिहिलं, सार्वजनिक जागी जुगार. दोन पंचांच्या सह्या झाल्या. जामिनावर सुटून बाहेर आले तर फाटकाशी एका वकिलाचा मुन्शी उभाच. एकाच वकीलपत्रावर अकरा सह्या घेतल्या आणि सांगितलं, गुरुवारी या, कबूल म्हणा, थोडा दंड होईल, दुपारपर्यंत कामावर.

"मी त्येका सांगलंय, माका कबूल करूचा नाय. नोकरी जातली माझी. तो म्हणता, असा एकट्यान करूक येना नाय. केस एक, वकील एक. एकजण नाय म्हणालो तर अकराय जणांका वर्षभर तारखा."

"डोंबल! कोणी सांगितलं?" मी ओरडलेच. "जो कबूल करेल त्याचं तिथंच संपतं. तुझी केस वेगळी चालेल. कोण तो वकील?"

त्यानं सांगितलं. सबनीस.

मी आधी नीट ऐकलं नाही असंच मला वाटलं. पुन्हा विचारलं. करडा सफारी, सोनेरी चष्मा. तेच.

एवढ्यात खालच्या खोलीतले आबा परब आले. अकरा जणांतले वयानं मोठे, संपात कामगारांच्या पुढे असलेले, वस्तीत त्यांच्या शब्दाला मान. ते सदाशिवावरच कावले. "अरे झिला, दहा जणांचो रोज बुडवतलस काय? कबूल केल्यान काय कमी होता? अंगाक भोका पडतत?" सदाशिव खाली मान घालून बसला. मी आबांना समजावलं, शिक्षा नोंदीला लागते, त्याची नोकरी जाईल. त्यांनी ऐकून घेतलं. म्हणाले, "तू शिकलेली आसस, बाय माझे. पण तारखेक तू येतलस की आमी?"

इथं एक कबुली माझीही द्यायला हवी, नाहीतर पुढचं सगळं लिहायचा मला अधिकार नाही. गावठी दारूच्या केसेस आमच्याकडेही येतात. भात लावणीचे दिवस असले की मीही म्हटलंय, करून टाक रे कबूल, कशाला खेपा घालतोस. त्या माणसाला पुढे कुठला फॉर्म भरायचाय हे मी कधी विचारलं नव्हतं. त्यामुळे मला सबनीसांचा जो राग आला त्यात थोडा माझाही होता. पण म्हणून तो कमी झाला नाही, उलट वाढला.

मंगळवार आणि बुधवार

आमच्या धंद्यात एक शिष्टाचार आहे. एका वकिलाचं वकीलपत्र दाखल असेल तर त्याची 'हरकत नाही' अशी सही घेतल्याशिवाय दुसऱ्यानं ती केस घ्यायची नाही. चांगली रीत आहे. वकिलांनी एकमेकांची कुळं पळवू नयेत म्हणून आहे. मंगळवारी चहाच्या सुट्टीत मी कागद घेऊन सबनीसांपुढे उभी राहिले. फक्त सात नंबरचा आरोपी सदाशिव, त्याला शिपायाची नोकरी लागतेय, बाकीचे तुमचेच राहू देत.

"अरे, अवश्य!" ते गोड हसले. "कालचं माझं भाषण तुम्ही टिपून घेत होतात ना? बघितलं मी. उद्या देतो सही. पेन मुन्शीकडे आहे."

पेन त्यांच्या खिशाला लटकत होतं. सोनेरी टोपणाचं. मी त्याच्याकडे बघत राहिले आणि बावळटासारखी "बरं सर" म्हणाले.

बुधवारी सगळ्यांना घाटकोपरला जेवण होतं. कायद्याच्या पुस्तकांचे एक गुजराती व्यापारी, त्यांनी आपल्या बंगल्यावर बोलावलं होतं. आदरातिथ्य मात्र असावं तर असं. वाटी रिकामी झाली रे झाली की शेठाणी स्वतः येऊन भरायच्या. आपल्याकडे पाहुणा 'पुरे' म्हणाला की थांबतात. इथं 'पुरे' म्हणजे आणखी दोन पुरणपोळ्या, वर तुपाची धार. उंधियू, ढोकळे, कढी. मी जेवतच होते, पण लक्ष सबनीसांच्या पाटाकडे. ते हात धुवायला उठले तशी मीही उठले.

"सर, सही."

"मॅडम, तुम्ही मुंबईत कधीपर्यंत?"

"रविवारपर्यंत."

"मग पुढच्या तारखा कोण करणार? मी? एका शिपायासाठी?" त्यांनी हात पुसले. "वर्गात सांगायचं ते सांगायचं असतं. कोर्टात रोजचा बोर्ड साठ केसेसचा. मॅजिस्ट्रेटसाहेब एक एक आरोपीला विचारत बसले तर रात्र होईल. अहो, त्यांना सवय असते या सगळ्याची. त्या लोकांचं काही बिघडत नाही."

त्या लोकांचं! मी त्याच लोकांच्या घरात झोपत होते, त्याच लोकांनी डोक्यावरून आणलेल्या पाण्यानं आंघोळ करत होते. माझ्या तोंडून निघून गेलं, "सर, तुम्हीच म्हणालात ना, कोट उतरवून दुसरा धंदा करावा? मग करा की!"

शेठाणी हातात कढीचं भांडं घेऊन तशाच उभ्या. सबनीस पांढरे पडले आणि मग लाल. म्हणाले, "सही मिळणार नाही. आणि बाई, शिष्टाचार शिका आधी." माझ्या ताटात अर्धी पोळी होती ती तशीच टाकून मी बाहेर पडले. पुरणपोळी टाकल्याचं वाईट अजून वाटतं, बाकी कशाचं नाही.

फाटकापाशी तो मुलुंडचा जाड्या वकील धापा टाकत आला. "मॅडम, काय हे, वाट लावलीत ना पार्टीची! पण झकास बोललात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "कोर्टात उभं राहायचं तर कोट आहे का?" नव्हता. मी शिकायला आले होते, रंगीत साड्या घेऊन. त्यानं पिशवीतून स्वतःचा काळा कोट काढला. "हा घ्या. गळ्याचा बँड पण खिशात आहे. फक्त माझं नाव सांगू नका यार, मला रोज त्याच कोर्टात जायचंय."

म्हणून त्याचं नाव इथंही लिहीत नाही.

कोर्ट, गुरुवार

कोर्ट कुठलं तेही लिहीत नाही. ज्यांना माहीत आहे ते ओळखतील. सुलभाची पांढरी साडी, त्यावर त्या जाड्याचा कोट. बाह्या बोटांच्याही खाली येत होत्या, त्या दोनदा दुमडल्या तरी मी दशावतारातल्या सोंगासारखीच दिसत होते. आमच्या कोर्टात अंगणात फणसाचं झाड आहे, पक्षकार त्याखाली डबे सोडून जेवतात, शिरस्तेदारालाही घास देतात. इथं जिन्यावर, गॅलरीत, संडासाच्या दारापर्यंत माणसंच माणसं. सगळी उभी. बसायला बाक होता तो वकिलांच्या मुन्शींनी अडवलेला.

अकरा जण इस्त्रीचे कपडे घालून आले होते. सदाशिव सगळ्यात मागे. मी विचारलं, "काय ठरवलंस?" त्यानं आबांकडे बघितलं. आबा त्याच्या शेजारीच उभे होते.

साहेब यायच्या आधी मी सहज टेबलापाशी गेले. कारकुनानं दिवसभराच्या केसेसचे कागद उलगडून ठेवले होते. वरचाच कागद या अकरा जणांचा. आरोपी क्रमांक एक ते अकरा, 'गुन्हा कबूल', असं निळ्या शाईत आधीच लिहिलेलं. शाई वाळलेली. साहेब अजून चेंबरमधून बाहेरही आले नव्हते! अकरा वर्षांत मी बरंच काही बघितलंय, पण कोर्ट बसायच्या आधी लागलेला निकाल पहिल्यांदा बघितला. मी मागे येऊन वकिलांच्या रांगेत बसले.

पुकारा झाला. अकरा जण एका ओळीत उभे राहिले. सबनीस उठले. आज सफारीवर कोट. "सर्वांना कबूल, साहेब," एवढंच म्हणाले आणि बसायलाही लागले. साहेबांनी पेन उचललं.

मी उठले. "साहेब, आरोपी नंबर सात, सदाशिव. त्याला स्वतःला विचारावं अशी विनंती आहे."

साहेब चष्म्यावरून बघू लागले. "आपण कोण? वकीलपत्र?"

"वकीलपत्र नाही, साहेब. हरकत नसल्याची सही दोन दिवस मागतेय, मिळाली नाही. पण कबुली आरोपीची असते, वकिलाची नसते. हे मला याच वकिलांनी सोमवारी शिकवलं. माझ्याकडे चार पानं टिपणं आहेत."

मागे कोणीतरी हसलं. सबनीस उठून "हे अशोभनीय आहे" वगैरे बोलू लागले. साहेब दमलेला माणूस होता, वाईट नव्हता. त्यांनी हातानंच सबनीसांना बसवलं आणि विचारलं, "सदाशिव कोण? पुढे ये. तू जुगार खेळत होतास का?"

सदाशिव पुढे आला. दहा जण त्याच्याकडे बघत होते. आबा खाकरले. साहेबांनी पुन्हा पेन उचललं, आणि माझ्या मनात आलं, गेलं सगळं.

"नाय," तो म्हणाला. मग जोरात, "नाय साहेब. मी खेळाक नव्हतंय. मी पाणी भरून येत होतंय."

"आणि वकील कोण हवेत तुला?"

त्यानं माझ्याकडे बोट केलं. साहेबांनी परवानगी दिली. कारकुनाला निळ्या शाईत 'एक ते अकरा' खोडून पुन्हा लिहावं लागलं, आणि त्यानं माझ्याकडे असं बघितलं की जणू मी त्याच्या घरात चोरी केलीय. दहा जणांना दंड झाला, ते मोकळे झाले. मी साहेबांना नोकरीचा फॉर्म दाखवला, मी परगावची आहे हेही सांगितलं. म्हणाले, छोटी केस आहे, पंच आणि हवालदार जवळचेच, शनिवारी संपवू.

मुन्शीनं सांगितलेल्या वर्षभराच्या तारखा त्या ह्या. एक शनिवार!

शुक्रवार

वर्गाला गेले तर माझ्या बाकावर कोणी बसेना. साक्षीदाराला प्रश्न कसे विचारावेत यावर व्याख्यान होतं. छोटे प्रश्न विचारा, उत्तर माहीत असेल तेच विचारा. चांगलं होतं, टिपून घेतलं. संध्याकाळी वस्तीवर आले तर, दहा जणांनी दंड भरला आणि माझ्यामुळे एकटा वेगळा झाला म्हणून, नळावर सुलभाशी कोणी बोलत नव्हतं. "सात नंबरची मेहुणी" असं तिला कोणीतरी टोचून म्हणालं. ती मला म्हणाली, "तू जाशील गं रविवारी. मला इथंच हंडा लावायचाय." तिचंही बरोबर होतं. मग स्वतःच म्हणाली, "पण तू मागे हटलीस तर मी तुला घरात घेणार नाही हां, सांगून ठेवते."

शनिवार

पार्ल्याला त्या दिवशी समारोप होता, प्रमाणपत्रं, हार, फोटो. मी कोर्टात. आश्चर्य म्हणजे आबाही आले होते, आणि दहांपैकी आणखी चार जण. मागच्या बाजूला उभे. काय होतंय ते बघायला.

हवालदारानं पाठ केल्यासारखं सांगितलं. मग पंच आला. टेरिकॉटचा शर्ट, केसांना तेल, कोर्टात असा वावरत होता, जशी सासुरवाडीच. पोलिसांनी बोलावलं, मी पारावर गेलो, माझ्यासमोर पत्ते आणि पैसे जप्त झाले, मी तिथंच सही केली.

मी विचारलं, "देवळाजवळच्या पारावर तुम्ही स्वतः गेलात?"

"हो मॅडम."

"कसे गेलात?"

"पोलिसांबरोबर. रिक्षानं."

"रिक्षा कुठपर्यंत गेली?"

"पारापर्यंत ना. पाराला लागूनच उतरलो आम्ही."

मागे आबा मोठ्यानं हसले. शिपायानं "शांतता" म्हटलं. मी साहेबांना सांगितलं, तिथं रिक्षा काय, सायकलही जात नाही, एकशे बारा पायऱ्या आहेत, मी पाच दिवस चढतेय, शंका असेल तर हवालदारांनाच विचारा. साहेबांनी विचारलं. हवालदार छताकडे बघत म्हणाला, पायऱ्या आहेत. मग पंचाला मी एवढंच विचारलं की खरी सही कुठे केली. तो एकदम गडबडला आणि खरं बोलला. पोलीस ठाण्यात, टेबलावर. नेहमी तिथंच करतो. काय लिहिलंय ते कोण वाचतंय, मॅडम.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. पंचाला त्यांनी जे सुनावलं ते लिहीत नाही. सदाशिव निर्दोष सुटला. त्या कोऱ्या रकान्यात 'नाही' लिहायला तो मोकळा झाला. बाहेर गॅलरीत तो माझ्या पायाच पडायला लागला, मी त्याला दंडाला धरून उठवलं. त्याला रडू आवरेना, आणि मलाही. चौघं जण त्याच्या पाठीवर थापा मारत होते.

आबा मात्र बाजूला उभे होते. त्यांनी मला खुणेनं बोलावलं.

"बाय माझे, एक सांग. पंच वर इलोच नाय. म्हणजे तो कागद सगळोच खोटो?"

"हो, आबा. सगळाच."

"म्हणजे आमी अकराय जण सुटलो असतो?"

"हो."

"मगे आता आमचा काय?"

कायदा मला पाठ होता. ज्यानं गुन्हा कबूल केला त्याला त्या शिक्षेवर अपील नाही. वरच्या कोर्टात दुसरा एक अर्ज करता येतो, तो मंजूर होईलच असं नाही. तो मी करेन, असं मी सांगितलं. त्यांनी मान हलवली, पण ते तेवढ्यासाठी थांबले नव्हते.

"गुरवारी तू उटलंस," ते म्हणाले, "तेव्हा सात नंबराक इचारा म्हणालंस. आमी दहा जण थयच उभे होतो. सगळ्यांका इचारा, असा कित्याक नाय म्हणालंस?"

दोन शब्दांनी काम झालं असतं. साहेबांनी विचारलंही असतं, माझ्या लक्षात आलं होतं तो माणूस कसा आहे ते. पण मी सदाशिवाचा फॉर्म डोळ्यांपुढे धरून उठले होते आणि बाकीचे दहा मला दिसलेच नव्हते. त्यांना सवय असते, त्यांचं काही बिघडत नाही, हे मी तोंडानं म्हटलं नव्हतं, एवढाच काय तो सबनीसांत आणि माझ्यात फरक.

"चुकलं, आबा," मी म्हटलं.

"तुमचा वकिलांचा चुकला म्हटल्यान भागता गो," ते म्हणाले. "आमचा भागना नाय."